सात दिवसांचे उपास

सर आठवड्याचे सातही दिवस उपास करत आणि देव मानत नसत.

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, हे कुणालाही ठाऊक असतं. अडचण बुधवारची होती. तो त्यांनी पांडुरंगाच्या नावावर टाकला होता. रविवारी ते सहसा घराबाहेर पडत नसत; तरीही कुणी जेवायला बोलावलंच तर म्हणत, "रविवारी मी सूर्याचं करतो." ते विज्ञान शिकवत. सूर्याचं नाव घेताना निदान खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, असं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं.

हे सगळे उपास कडक होते, म्हणजे पाणीसुद्धा घरचंच. तसं करणं भागच होतं. नुसतं "उपास आहे" म्हटलं तर आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतून साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, तळलेले बटाटे आणि वर तुपातला शिरा असं काय काय पुढे येतं, की त्यापेक्षा जेवण परवडलं. सरांचं पोट जेवणाला घाबरत होतं आणि उपासाच्या पदार्थांना त्याहून जास्त.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. सर तिथं माझ्या कितीतरी आधीपासून होते. उंच, वाळके, पांढरा फुल शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला. आम्ही दोघं एकाच घरमालकिणीचे भाडेकरू. तिच्या ओळीनं बांधलेल्या खोल्यांपैकी टोकाच्या दोन आमच्या. मध्ये एक विटेची भिंत, मागे सामाईक अंगण, अंगणात आंघोळीचा दगड आणि कोपऱ्यात संडास. पहाटे त्या संडासाचं दार वाजायचं, थोड्या वेळानं परत वाजायचं, मग परत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपल्याला शेजारी बरेच आहेत. नंतर लक्षात आलं की शेजारी एकच आहे.

एका सकाळी मी बाहेर तांब्या घेऊन उभा असताना ते बाहेर आले. मला पाहून शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "तुम्हाला घाई असली तर दार वाजवत जा. मी निम्म्या वेळा उगाचच गेलेलो असतो." एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला. पण त्या दिवसापासून मला सगळं माहीत आहे हे त्यांना माहीत झालं, आणि गावात तेवढा एकटा मीच होतो. बाकी सगळ्यांना ते व्रतस्थ होते.

"जेवण सार्वजनिक असतं," ते म्हणायचे, "परिणाम खासगी."

त्यांना हा त्रास विशीपासून होता. जेवलं की पोटात मुरडा यायचा, मग धावाधाव. कधी चार दिवस काहीच नाही, मग पाचव्या दिवशी सगळं एकदम. भूक होती, ताप नव्हता, कुठं सूज नव्हती, रक्त नव्हतं. मरणाचं भय नव्हतं म्हणून कुणी सहानुभूतीही देणार नव्हतं. क्षयाच्या रोग्याची लोक चौकशी करतात, मधुमेह्याला तर हल्ली मानसन्मान आहे. ज्याला जेवल्यावर पळावं लागतं त्याला लोक हसतात. हे सरांनी एकदाच अनुभवलं, हॉस्टेलात, कॉलेजच्या दिवसांत. तिथून उपास सुरू झाले.

माणसं एखाद्या गावाचं नाव निघालं की तिथला पेढा किंवा देऊळ सांगतात. सर दुसरं सांगत. शिर्डीबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं. "गर्दी कितीही असू दे, सोय आहे," ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की सर बाबांच्या दर्शनाबद्दल बोलताहेत. भंडारदऱ्याला शाळेची सहल दरवर्षी जायची. सर कधी गेले नाहीत. घाटाचा रस्ता, तीन-चार तास गाडी थांबत नाही, आणि पोरं तर सरांच्याच शेजारी बसायला भांडणार. सहलीच्या दिवशी ते रिकाम्या शाळेत जाऊन प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसत. एकदा मी सहलीहून आल्यावर सांगायला लागलो, धरणाचं पाणी कसं दिसतं वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांनी माझी आठवण काढली का?" काढली होती. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं," आणि खोलीत गेले.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर ते नगरला एका खोलीत राहायचे, एकटेच. लग्न झालेलं नव्हतं. तसं एकदा ठरत आलं होतं. मुलगी बघायला गेले, पोहे पुढे आले, मुलगी समोर बसलेली. सरांना मुलगी आवडली होती. नको कसं म्हणणार, म्हणून पोहे खाल्ले. मग मुलीचे वडील तिला "काही विचारायचं असेल तर विचार" म्हणाले. तिनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि सर उठून निघाले. सरळ स्टँडवर. मुलीकडच्यांनी अर्थातच नकार समजला आणि तिची समजूत काढली असणार. "ती काय विचारणार होती कोण जाणे," सर मला म्हणाले. हे सांगताना ते ताक घुसळत होते. घुसळणं थांबलं नाही.

ते स्वतः काही हात बांधून बसले नव्हते. तालुक्यात आणि जिल्ह्यात पोटावर जेवढे उपचार मिळत तेवढे सगळे त्यांच्या पोटातून गेले होते. दवाखान्यातले डॉक्टर कुणालाही ॲमिबाच्या गोळ्या देत. त्या सरांनी इतक्या वेळा घेतल्या की ॲमिबा असता तर त्याला पेन्शन बसली असती. आठवडाभर तोंडाला तांब्याच्या पैशाची चव राही, बाकी फरक शून्य. कुटजारिष्ट झालं, बेलाचा मुरंबा झाला, इसबगोल झालं. हे इसबगोल बद्धकोष्ठालाही देतात आणि जुलाबालाही, हे कळल्यावर सरांनी त्याला "सर्वपक्षीय" असं नाव ठेवलं. एक होमिओपॅथ नगरला होते. त्यांनी तासभर प्रश्न विचारले: वीज कडाडली की भीती वाटते का, झोपताना खिडकी उघडी लागते का, स्वप्नात पाणी दिसतं का, माणसांचा सहवास आवडतो की एकांत. शेवटच्या प्रश्नावर सर म्हणाले, "प्रश्न लागू नाही." त्यांना पांढऱ्या गोळ्या मिळाल्या आणि कांदा बंद झाला. एका सहशिक्षकानं श्रद्धेनं उदी आणून दिली. सरांनी तीही पाण्यातून घेतली. मी पाहत राहिलो तेव्हा म्हणाले, "राख अल्कधर्मी असते."

वैद्यांकडे मात्र ते मला घेऊन जात, रोगी म्हणून.

जिल्ह्यात तेव्हा एक मोठे नाडीवैद्य होते. त्यांच्या भिंतीवर मंत्र्यांबरोबरचे इतके फोटो होते की धन्वंतरीला दारामागचा कोपरा आला होता. सर म्हणाले, "हे आमचे सहकारी. यांना त्रास आहे." वैद्यराजांनी माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

"जेवल्याबरोबर जावं लागतं."

"लागतं," सर म्हणाले.

"जाऊन आलं तरी पोट साफ झालं असं वाटत नाही."

"कधीच नाही."

"त्यांना बोलू द्या."

"कधीच नाही," मी म्हणालो.

"प्रवासात वाढतं. चारचौघांत वाढतं."

सर खाली बघून म्हणाले, "लग्नकार्यात फार."

वैद्यराजांनी डोळे उघडून माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "नाडी काही लपवत नाही. जुनी संग्रहणी आहे. वेळेवर आलात." माझं पोट त्या काळात दगड पचवत होतं. परत येताना एसटीत मी हसत होतो. सर हसत नव्हते. "बरोबर सांगितलं की हो त्यांनी," ते म्हणाले. "फक्त माणूस चुकला."

ते औषध आणि त्याबरोबरचं पथ्य त्यांनी इमानानं पाळलं. महिनाभर फक्त ताक. आधीच वाळके, त्यात गालफडं बसली, डोळे मोठे दिसायला लागले. त्याच सुमारास चातुर्मास होता. गावानं दोन आणि दोन चार केले. रस्त्यात म्हाताऱ्या बायका पाया पडायला लागल्या. मारुतीच्या देवळाच्या ट्रस्टवर त्यांचं नाव सुचवलं गेलं. शेवटी संस्थेच्या सेक्रेटरींनी स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार केला. सेक्रेटरी स्वतः दिवसातून चार वेळा जेवत आणि संयमावर फार छान बोलत. "आजच्या भोगवादी युगात," असं सुरू करून ते बराच वेळ बोलले आणि शाल घालून झाल्यावर त्यांनी सरांच्या तोंडात पेढा कोंबला. टाळ्या वाजत होत्या. पेढा तोंडात तसाच धरून सर व्यासपीठाच्या मागच्या बाजूला उतरले. सभेला वाटलं, त्यांना गहिवरून आलं.

या सगळ्या ढोंगाचं सरांना काही वाटत नसे असं नाही. पण ते म्हणायचे, "लोकांना मी देवभोळा वाटतो, याच्यात कुणाचं काय गेलं?" तोपर्यंत खरंच कुणाचं काही गेलं नव्हतं.

सरांना मित्र एकच होता. साळवे सर, चित्रकलेचे शिक्षक. शाळा सुटली की दोघं राशीनच्या रस्त्यानं फिरायला जात. गाव मागे पडलं की बाभळींची रानं लागत. सर तो रस्ता का पसंत करतात हे मला कळत होतं; साळवे सरांना वाटायचं, सरांना मावळता सूर्य आवडतो. त्यांनी सरांना त्या रस्त्याचं एक जलरंगातलं चित्रही करून दिलं होतं, मधोमध बाभूळ. साळवे सर कमी बोलत आणि बोलले की टोचून बोलत. सरांच्या उपासांवर ते एकदाच म्हणाले होते, "सर, तुमच्या देवांची ड्यूटी फार कडक आहे. एकालासुद्धा साप्ताहिक सुट्टी नाही." सर मनापासून हसले होते.

साळवे बौद्ध. त्यांच्या आईनं तरुणपणी, छप्पन सालानंतर लगेच, घरातले देव नदीत सोडले होते. सरांचं आडनाव असं होतं की ते ऐकल्यावर जात वेगळी विचारायची गरज पडत नसे. दोघांत या गोष्टीचा उच्चार कधी झाला नाही. पण इतक्या वर्षांत सर साळव्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायलेले नव्हते. कुणाकडेच प्यायले नव्हते, हे खरं. पण ज्याच्या घरी आपण पीत नाही, त्याला बाकीच्या घरांचा हिशेब कुठं ठाऊक असतो?

साळव्यांनी मग घर बांधलं. कर्ज काढून, गावाच्या वरच्या अंगाला, दोन खोल्या आणि पडवी. बुद्धपौर्णिमेला त्रिशरण-पंचशील म्हणून घरात राहायला जायचं आणि जेवण घालायचं ठरलं. आदल्या दिवशी ते आमच्या अंगणात आले. बसले नाहीत.

"सर, उद्या कुठला वार आहे ते मी बघितलं नाही. तुम्हीही बघू नका."

सरांनी कॉलर सारखी केली.

"आई खीर करणार आहे. तिनं विचारलंय, तुमचे ते सर येणार का जेवायला. मी तिला हो सांगितलंय." थोडं थांबून ते म्हणाले, "मी तुम्हाला आजवर कधी आग्रह केला नाही. का केला नाही ते तुम्हालाही माहीत आहे."

ते गेल्यावर सर आंघोळीच्या दगडावर बसले. मी म्हटलं, "खरं सांगून टाका त्यांना." ते म्हणाले, "आता? आता ती सबब वाटेल." आणि मग, "जेवेन मी. एका जेवणानं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. पोट रिकामं असलं की बरं असतं असा त्यांचा अनुभव. दुपारी पंगत बसली. पुऱ्या, वांग्याबटाट्याची भाजी, भात आणि दुधाची दाट खीर. दुधाला सर विष म्हणत. साळव्यांची आई स्वतः वाढत होती. वयानं वाकलेली, ऐकायला कमी येणारी, म्हणून बोलायची मोठ्यानं.

"घ्या मास्तर. म्या केलीया. साखर कमी न्हाई ना?"

"नाही, आई. छान आहे."

"आं?"

"छान आहे."

"मंग घ्या की आनखी."

सरांनी तीन वाट्या खीर खाल्ली. मी समोर बसून पाहत होतो. एखादा माणूस पोहता येत नसताना विहिरीची एकेक पायरी उतरतो तसे ते खात होते. साळवे सर वाढपी म्हणून फिरत होते, पण त्यांचं लक्ष सरांच्या ताटाकडे होतं. तिसरी वाटी रिकामी झाली तेव्हा ते दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे पंगतीतल्या दोघातिघांनी पाहिलं.

हात धुतल्याबरोबर सर निघाले. सुपारी नाही, बसणं नाही, सगळ्यांचा फोटो काढायचा होता त्यालाही थांबले नाहीत. साळवे सर दारात उभे राहून "सर, अहो सर" म्हणत राहिले. मी मागोमाग निघालो. वैशाखातली दुपार, रस्त्यावर कुणी नव्हतं. सर लांब लांब पावलं टाकत चालले होते, जवळजवळ पळत. पाण्याच्या टाकीपाशी ते एकदम थांबले. क्षणभर तसेच उभे राहिले. आणि मग अगदी सावकाश चालायला लागले, आता कुठंच पोचायची घाई नसल्यासारखे. मी अंतर ठेवून मागे राहिलो.

घरी पोचल्यावर त्यांनी अंगणातल्या दगडावर आंघोळ केली. बादलीमागून बादली. मग सगळे कपडे स्वतः धुतले, दोनदा. घरमालकीण बाहेर आली.

"सर, भर दुपारची आंगुळ? आन कापडं बी?"

"हो."

"कुठं गेल्ता?"

"साळवे सरांकडे."

"जेवला तितं?"

"जेवलो."

ती थोडी थांबली. "मंग बरं केलं," ती म्हणाली आणि आत गेली.

सर तेव्हा पिळे दोरीवर टाकत होते. त्यांना काही कळलं नाही. खरं तर मलाही कळलं नाही. आमच्या डोक्यात पोट होतं. तिच्या डोक्यात दुसरंच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आंघोळ गावभर फिरली.

जूनमध्ये शाळा उघडली. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहशिक्षक, मोठे सात्त्विक गृहस्थ, सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला. संबंधही सांभाळलेत आणि सोवळंही."

सरांना कळेना. त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय, जेवून आलात, आल्या आल्या अंगावर पाणी घेतलंत. आम्हाला हे सुचलं नसतं."

साळवे सर कोपऱ्यातल्या टेबलावर पेन्सिलींना टोक करत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ब्लेड चालत होतं, भुगा पडत होता. सरांनी तोंड उघडलं. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. स्टाफरूममध्ये पंधरा माणसं होती. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि सगळे उठले.

त्या संध्याकाळी साळवे सरांचा निरोप आला, पाय दुखतात, फिरायला येता येणार नाही. दुसऱ्या दिवशीही दुखत होते. सरांना सबब ओळखता येत असे. त्या कलेतले ते स्वतः जुने कारागीर होते. ते एकटेच राशीनच्या रस्त्यानं जाऊन येऊ लागले. मी बरोबर येतो म्हटलं तर "नको, तुम्ही भरभर चालता" म्हणाले.

मी एकदा न राहवून साळवे सरांना गाठलं. "तुम्हाला वाटतं तसं नाही ते," एवढंच म्हणालो, कारण पुढचं सांगायची मला परवानगी नव्हती.

"मला काय वाटतं ते सोडा," ते म्हणाले. "मी सहन करीन, सवय आहे. आईला कुणीतरी सांगितलं. तिला ती आंघोळ लहानपणापासून माहीत आहे. तिची सावली पडली की लोक करायचे. माझ्या घराच्या पहिल्या दिवशी तिनं स्वतः केलेली खीर खाऊन…" ते थांबले. "इतकं करायचं होतं तर उपास बरा होता."

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते रात्री जेवले नाहीत, आणि यावेळी पोट हे कारण नव्हतं.

पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही नगरला गेलो. दाराजवळची सीट, नेहमीप्रमाणे. पोटाच्या विकारांचे एक नवे डॉक्टर आले आहेत असं ऐकलं होतं. केबिनमध्ये शिरताच डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "हे सोबत आलेत. रोगी मी आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तपासण्या झाल्या, दुर्बीण झाली. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आतड्यांना काहीही झालेलं नाही." सरांचा चेहरा पडला. आयुष्य ज्या आजारानं खाल्लं तो काहीच नव्हता, हे ऐकणं सोपं नसावं.

"म्हणजे माझ्या मनाचे खेळ?"

"असं मी म्हणालो नाही. त्रास खरा आहे. आतडी जास्त हळवी आहेत. दुसऱ्यांना जे जाणवतही नाही त्यानं तुमची आवळतात. आतडी आणि डोकं यांची तार जोडलेली असते; तुम्ही घाबरलात की ती घाबरतात, ती घाबरली की तुम्ही. हे मुळापासून जात नाही. पण कमी होतं." दूध बंद, इसबगोल रोज आणि मोजून, मुरड्यासाठी एक गोळी, आणि रात्री एक अगदी लहान गोळी. "ही गोळी मोठ्या मात्रेत उदासीवर देतात. कागदावर वाचाल आणि फेकून द्याल, म्हणून आधीच सांगतो. या मात्रेत ती तारेवर काम करते." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग हे माहीत कुणाला आहे?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"एकानं भागत नाही," डॉक्टर म्हणाले. "लपवायला फार ताकद लागते, आणि ती सगळी पोटातून जाते. निदान ज्यांच्याबरोबर बसता-उठता त्यांना सांगा."

औषध लागू पडलं, पण चमत्कारासारखं नाही. पहाटेचं दार पाच वेळांऐवजी दोनदा वाजू लागलं. सरांनी स्वतःला पंचावन्न टक्के दिले. "पास," ते म्हणाले, "पण हिंदीच्या पेपरसारखा." आणि पोळ्यानंतरच्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, कॉलरची बटणं लावून माझ्या दारात आले. "चला. साक्षीदार लागेल."

साळवे सर पडवीत पेपर वाचत बसले होते. आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून साळवे सरांनी पेपर घडी केला. "बसा" म्हणाले नाहीत. सर अंगणात उभे राहिले, पोरं वर्गात उभी राहतात तसे, आणि एका दमात म्हणाले, "साळवे सर, त्या दिवशी तुमच्याकडून घरी जाताना वाटेत माझे कपडे खराब झाले. मला पोटाचा आजार आहे, पंचवीस वर्षं. जेवलं की थांबवता येत नाही. म्हणून आंघोळ केली."

साळवे सर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, बुधवारी पांडुरंग. सर, तुमचं कुठलं खरं धरू मी?"

"हे धरा. बाकीचं सगळं खोटं होतं."

"यांनी पढवलं?" साळवे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"काय म्हन्त्यात मास्तर?" आईनं विचारलं.

साळवे सरांनी पेपरची आणखी एक घडी घातली. आईनं सुपातून हात काढला. "आरं, काय म्हन्त्यात?"

सर तिच्याजवळ दोन पावलं गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, त्या दिवशी वाटेत माझे कपडे भरले. खीर सोसली नाही. म्हणून आंघोळ केली."

"आं?"

सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. यावेळी जवळजवळ ओरडून. शेजारच्या घरातली रेडिओवरची गाणी कुणीतरी बारीक केली. समोरच्या ओट्यावर दोन बायका धुणं टाकून बघत होत्या. जे वाक्य पंधरा माणसांच्या स्टाफरूममध्ये सरांना बोलता आलं नव्हतं ते आता अख्ख्या आळीनं ऐकलं होतं. सरांचे कान लाल झाले होते, पण ते जागचे हलले नाहीत.

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. "मंग तवाच सांगायचं," ती म्हणाली. "तीन वाट्या कशापायी खाल्ल्या? म्या काय मारनार हुते व्हय?" सूप बाजूला सारून ती भिंतीला धरून उठली. "बसा आता. खीर न्हाई, पिठलं-भाकर हाय. ज्वारीची हाय, काय व्हत न्हाई."

ताटं आली. आम्ही तिघं पडवीत ओळीनं बसलो, मधे साळवे सर. साळवे सर खाली मान घालून भाकरी मोडत होते. सर लहान लहान घास घेत होते आणि प्रत्येक घासानंतर थोडे थांबत होते. निम्मी भाकरी झाल्यावर ते जास्तच थांबले. हात ताटातच राहिला. कपाळावर घाम आलेला मला दिसला. मला वाटलं, आता हे उठणार आणि फाटकाकडे चालू लागणार.

सर उठले. फाटकाकडे गेले नाहीत. खरकटा हात तसाच पुढे धरून म्हणाले, "साळवे सर, तुमच्याकडे संडास कुठे आहे?"

साळवे सरांनी वर पाहिलं. मग डावा हात टेकून उठले, डाव्याच हातानं टाकीतून बादली भरली, घराच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवली आणि दार उघडून बाजूला झाले. येऊन पुन्हा आपल्या पाटावर बसले.

बराच वेळ गेला. आई सरांचं ताट उचलायला वाकली.

"राहू दे, आई," साळवे सर म्हणाले. "त्यांचं जेवण व्हायचंय."

त्यांच्या स्वतःच्या ताटात घासभरच भाकरी उरली होती. ती त्यांनी खाल्ली नाही. बोटांवरचं पिठलं वाळत चाललं होतं, आणि मागच्या दाराकडे न बघता ते तसेच बसून राहिले.